चिखलाची परीक्षा

मुलांनो, परीक्षा म्हटली की पोटात गोळा येतो ना? घंटा, पेपर, वर्गातून फेऱ्या मारणारे गुरुजी... पण आज मी तुम्हांला एका निराळ्याच परीक्षेची हकिगत सांगणार आहे. या परीक्षेला बसली होती एक जुनी जीपगाडी. पेपर काढला होता पावसाने. आणि गुण देणारे परीक्षक होते आमच्या शाळेतले एकवीस विद्यार्थी! मी होते नुसती पर्यवेक्षक. तीही एकदा चांगलीच चुकलेली. ते कसे, ते पुढे येईलच.

आमची वाट

आधी नकाशा काढा. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, शोधा. त्याच्या वायव्येच्या कोपऱ्यात अकोले तालुका दिसेल. या तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग थेट सह्याद्रीच्या माथ्यावर चढलेला आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई इथलेच. उंची १६४६ मीटर. रतनगडाजवळ प्रवरा नदी उगम पावते आणि थोडी खाली येते न येते तोच भंडारदऱ्याच्या धरणात अडते. हे धरण १९२६ साली बांधून पूर्ण झाले. म्हणजे तुमच्या आजोबांच्याही आधीचे!

इथला पाऊस म्हणजे काय सांगावे! घाटमाथ्यावरच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि गंमत पाहा, याच तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांना त्याचा जेमतेम दहावा भाग मिळतो. ढग समुद्राकडून येतात, सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. पुढच्या गावांना जाईपर्यंत त्यांची झोळी हलकी झालेली असते.

आमची वाडी या पावसाच्या वाटेवर आहे. राजूरहून येणारी एस.टी. मला फाट्यावर सोडते. तिथून वाडी चार किलोमीटर. पहिला अर्धा किलोमीटर मुरमाचा बरा रस्ता. मग ओढा. ओढ्यावर गाड्यांसाठी पूल नाही, माणसांसाठी एक अरुंद लोखंडी साकव आहे. ओढा ओलांडला की खडी चढण, सुटे दगड आणि पावसाने कोरलेल्या घळी. चढण संपली की सपाटी. सपाटी म्हणजे दोन्ही बाजूंना भाताची खाचरे आणि मधून चिखलाची वाट. उन्हाळ्यात इथून मोटारसायकल खुशाल जाते. मेच्या अखेरीस हिरड्या-बेहड्याची झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. ती पाहिली की आमच्या वाडीतल्या आयाबाया तेल, मीठ, काडेपेटी भरून ठेवायच्या मागे लागतात. कारण आता वाट बंद होणार!

मी चप्पल हातात घेऊन ती वाट तुडवते. पोरे तर अनवाणीच. त्याचे आम्हांला काही वाटत नाही. पण माणूस आजारी पडला तर?

झोळी

२०२३ सालचा जुलै महिना. रात्री नऊच्या सुमाराला वाडीतली एक सून अडली. फोन केला, रुग्णवाहिका निघाली. पण ती येणार ओढ्याच्या पलीकडे. मधले साडेतीन किलोमीटर आपले आपण काढायचे. मग नेहमीचा उपाय. एका बांबूला घोंगडी बांधली, तिच्यात त्या बाईला झोपवले, बांबूची दोन टोके दोघांनी खांद्यावर घेतली. वर इरली धरली. पुढे एक कंदील, मागे एक बॅटरी. चिखलात पाय रुतत होते, खांदेकरी बदलत होते. त्या दिवशी मी वाडीतच मुक्कामाला होते, म्हणून बरोबर गेले. साडेतीन किलोमीटरला अडीच तास लागले.

बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. बाळ आता अंगणात रांगून चालायलाही लागले आहे. पण त्या झोळीबरोबर त्या बाईचा मामा होता. राजूरकडे त्याचे गाड्या दुरुस्तीचे छोटेसे गॅरेज आहे. सगळे त्याला वस्ताद म्हणतात. साकव ओलांडल्यावर वस्ताद मला एवढेच म्हणाले, "बाई, आयुष्यभर लोकांच्या गाड्या चालू करून दिल्या. आन् माझी भाची बांबूवर!"

वस्तादांची जीप

वस्तादांनी वर्षभर खपून एक जुनी डिझेल जीप उभी केली. तुम्ही सिनेमात पाहता ती उघडी, चौकोनी तोंडाची जीप. या जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. १९४१ साली अमेरिकेत सैन्यासाठी ती मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. आपल्याकडे १९४७ साली मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली. पुढे तिचेच भाऊबंद आपल्या पोलिसांनी, वनखात्याने, साखर कारखान्यांनी वापरले.

साध्या गाडीत इंजिनाचा जोर फक्त दोन चाकांना मिळतो. जीपमध्ये एक दांडा ओढला की तो चारही चाकांना मिळतो. दुसरा दांडा ओढला की गाडी अगदी सावकाश, पण भरपूर ताकदीने चालते. बैल नांगर ओढतो तशी!

"पण बाई, चिखलापुढं एवढं पुरायचं न्हाई," वस्ताद म्हणाले. म्हणून त्यांनी दोन गोष्टी आणखी जमवल्या. एक, मोठ्या टायरांचा जोड. जुने टायर सुमारे २९ इंच उंच होते. नवे ३२ इंचांचे, खोल नक्षीचे. दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या डिफरन्शिअलमध्ये बसवलेले लॉकर. ते काय असते, ते मी पुढे सांगते. आता या सगळ्याची परीक्षा घ्यायची होती. वस्तादांनी विचारले, "पोरांना मोजायला आणता का? माझं मन मोठ्या टायरांवर बसलंय. मी मोजलं तर मीच चुकीचं मोजीन."

किती सरळ माणूस! मी लगेच हो म्हटले.

माझी चूक

२०२४ सालच्या जूनमधला शनिवार. सकाळची शाळा सुटली आणि आम्ही सगळे सपाटीवर गेलो. दोन दिवस पाऊस कोसळत होता. वस्तादांनी जीप सरळ वाटेवरच्या चिखलात घातली. मोठे टायर लावलेले. काय तो आवाज! चाके गरगर फिरली, चिखलाचे फवारे उडाले, पोरांनी टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. जीप थोडी पुढे गेली, रुतली, मागे आली, पुन्हा गेली. तासभर हा खेळ चालला. शेवटी ती पार झाली आणि आम्ही जल्लोष केला.

सोमवारी सकाळी पहिलीतली एक छोटी मुलगी रडत शाळेत आली. कंबरेपर्यंत चिखल, पाटी फुटलेली. वाटेत दोन लांबच लांब चर पडले होते. रात्रीच्या पावसाने ते भरले. वरून चर दिसेना, पाण्याची साधी डबकी वाटली. पोरीचा पाय गुडघ्याच्या वर गेला. शिवाय एका ठिकाणी चराने खाचराचा बांध फोडला होता आणि त्यातून पाणी वाहून जात होते. बांधाचे मालक मला काही बोलले नाहीत. गुपचूप फावडे घेऊन बांध घालत बसले. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

ज्या वाटेसाठी एवढा खटाटोप, तीच वाट आम्ही उखडून टाकली होती. मी मोठी माणूस, बाई! मला आधी सुचायला नको होते?

त्या दिवशी तिसरा तास आम्ही वाटेवर घेतला. मुलांनी दगड आणले, मोठ्यांनी मुरूम टाकला, चर बुजवले. वस्तादही आले. काम चालू असताना चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, शनिवारची परीक्षा खोटी हुती."

"का रे?"

"जीप दरवेळी त्याच चरातून गेली. पयल्या येळंला चिखल निराळा, पाचव्या येळंला निराळा. सगळ्यांना एकच पेपर नको का?"

वस्तादांनी फावडे खाली ठेवले. "पोरा, तू माझ्या गॅरेजात ये," ते म्हणाले.

एकच पेपर

मग नवी परीक्षा ठरली. वस्तादांच्या मेहुण्यांचे एक पडीक खाचर वाटेपासून दूर होते. ते यंदा आवणीला घ्यायचे नव्हते. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. खाचरात आम्ही दोऱ्या बांधून सहा पट्टे आखले. प्रत्येक पट्टा तीस पावलांचा. प्रत्येक फेरीला नवा पट्टा. चालवणारे वस्तादच, वेग सावकाश. परीक्षक वरच्या खडकावर बसणार. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे राहायचे नाही, हा नियम मी पाच वेळा बजावला. दोन मुली पावले मोजणार, दोघे चराची खोली काठीने मोजणार, एक जण वहीत लिहिणार. आणि बाहेर ओढायला दोन बैल तयार!

वहीतले गुणपत्रक असे:

पहिली फेरी. जुने टायर, हवा २८ पौंड, जोर मागच्या दोनच चाकांना. ९ पावले, मग रुतली.

दुसरी फेरी. जुने टायर, हवा २८ पौंड, जोर चारही चाकांना. १७ पावले.

तिसरी फेरी. मोठे टायर, हवा २८ पौंड, चारही चाके. २२ पावले. चर वीतभर खोल. गाडी पोटावर बसली.

चौथी फेरी. मोठे टायर, हवा १४ पौंड. पार! चर सहा बोटे.

पाचवी फेरी. जुने टायर, हवा १४ पौंड. २६ पावले.

सहावी फेरी. जुने टायर, हवा १४ पौंड, लॉकर लावलेले. पार! चर चार बोटे.

मुलांनो, हे गुणपत्रक जरा नीट पाहा. काय दिसते? तिसऱ्या फेरीत टायर मोठे, नक्षी खोल, तरी गाडी फसली. कारण चाक घसरून जागेवर फिरू लागले की खोल नक्षीचे दात नांगरासारखे जमीन खोदतात. मोठ्या टायरने गाडी उचलली ती दीडच इंच, आणि जमीन खणली वीतभर! आणि पाचव्या फेरीत जुन्याच टायरांतली हवा नुसती निम्मी केली, तर १७ पावलांची २६ झाली. हवेची ही काय जादू?

सव्वा पोस्टकार्ड

जादूबिदू काही नाही. शाळेच्या ओट्यावर आम्ही हा प्रयोग करून पाहिला. वस्तादांनी जॅकने एक चाक उचलले. टायरला ओला चुना फासला. खाली चौकटीचा कागद ठेवला आणि चाक अलगद टेकवले. पुन्हा उचलले. कागदावर चाकाचा ठसा! मुलांनी चौकटी मोजल्या.

आता हिशेब करा. रिकामी जीप सुमारे १३०० किलोची. चार चाके, म्हणजे एका चाकावर साधारण ३२५ किलो. टायरमध्ये २८ पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब. ३२५ किलो पेलायला मग साधारण १६२ चौरस सेंटिमीटर जागा लागते. आपले पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. तेव्हा एवढी मोठी गाडी प्रत्येक चाकाच्या जेमतेम सव्वा पोस्टकार्डावर उभी असते! हवा निम्मी केली, की ठसा दुप्पट होतो, अडीच पोस्टकार्डांएवढा. भार तोच, पण तो जास्त जागेवर पसरला. म्हणून गाडी कमी रुतते. आमचे ठसे या हिशेबाला अगदी तंतोतंत नाही, पण जवळपास जुळले. टायरचा जाड रबरही थोडा भार पेलतो ना!

बैलाचे पाहा. त्याचा खूर दुभंगलेला असतो. चिखलात तो फाकतो आणि ठसा वाढतो. उंटाचा तळवा वाळूवर पसरतो. आणि हवेचा टायर तरी कसा आला? १८८८ साली बेलफास्ट शहरात डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरांनी तो बनवला. त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळायची, म्हणून! मुलाच्या सायकलीतून निघालेली गोष्ट आज साऱ्या जगाच्या चाकांवर आहे.

पण थांबा! कमी हवेवर डांबरी रस्त्याने भरधाव जाणे धोक्याचे असते. टायर फार दबतो, तापतो, फाटतो. रिंगवरून निसटूही शकतो. म्हणून वस्तादांनी नियम केला. चिखल संपला, की आधी पंप काढायचा, हवा भरायची, मगच पुढे.

हात धरून वळा

आता लॉकर. त्यासाठी आम्ही कवायत केली. पाच मुले हात धरून एका ओळीत उभी केली आणि सांगितले, "ओळ न मोडता डावीकडे वळा." काय झाले? आतला मुलगा जागच्या जागी फिरला आणि बाहेरचा अक्षरशः पळाला. गाडी वळताना चाकांचेही असेच होते. बाहेरच्या चाकाला जास्त पल्ला असतो. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल नावाची दातेरी चक्रांची पेटी असते. ती दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. किती समजूतदार पेटी!

पण चिखलात हाच समजूतदारपणा नडतो. ही पेटी दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात असेल तर ते फुकट फिरते. त्याला फिरायला जोर लागतो कितीसा? अगदी थोडा. मग दुसऱ्या, घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. ते बापडे उभेच राहते. वर्गात एकाने दंगा केला म्हणून साऱ्यांची मधली सुट्टी बंद, तसे हे!

लॉकर लावले की पेटी बांधली जाते. दोन्ही चाके एकत्रच फिरतात. घट्ट जमिनीवरचे चाक गाडी ढकलते, चिखलातले उगाच गरगरत नाही. चाक गरगरले नाही म्हणजे जमीन खणली गेली नाही. म्हणून सहाव्या फेरीत चर चारच बोटे पडला. कोरड्या रस्त्यावर मात्र लॉकर सोडावेच लागते. नाही तर वळताना टायर घासतात आणि गाडी सरळच जायला पाहते.

चढणीवर

"चौथी फेरीबी पार झाली की," वस्ताद म्हणाले. त्यांचे मन अजून मोठ्या टायरांतच होते. मग दोन्ही टायरांना चढणीचा पेपर द्यायचे ठरले.

आधी मुलांनी दोरीने घेर मोजला. जुन्या टायरचा २३१ सेंटिमीटर, मोठ्याचा २५५. सातवी शिकणारी एक ताई आली होती. तिने २३१ ला व्यासाने, म्हणजे ७३.५ ने भागले. उत्तर आले ३.१४! भूमितीच्या पुस्तकातला पाय चिखलातही तोच. पोरे खूश झाली. म्हणजे मोठा टायर एका फेऱ्यात २४ सेंटिमीटर जास्त जातो. गाडीचा काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी खरी ४४ च्या वेगाने धावत असते. आणि इंजिनाला प्रत्येक फेऱ्याला जास्त काम पडते. सायकलचा चढ आठवा. जड पायडल मारताना कसा दम निघतो!

जुन्या टायरांवर जीप कुरकुरत, पण न थांबता वर आली. मोठे टायर लावून ती चढणीच्या मध्यावर आली आणि इंजिनाने मान टाकली. गाडी थांबली. मग हळूच मागे सरकू लागली. माझ्या छातीत धस्स झाले. वस्तादांनी ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला, तरी ती हातभर सरकलीच. मेहुण्यांनी बाजूने पळत जाऊन चाकामागे दगड लावला. मुले वरच्या कडेला बसलेली होती, मागे कोणी नव्हते. पाच वेळा बजावलेला नियम कामाला आला.

खाली उतरल्यावर वस्तादांनी पुढचे चाक पूर्ण वळवून पाहिले. मोठा टायर पाट्यांना घासत होता. ते बराच वेळ त्या टायरकडे बघत राहिले. पैसे साठवून घेतलेले टायर ते. मग म्हणाले, "लिव्ह पोरा. मोठे टायर नापास. चिखलात हुशार, पन चढनीत कच्चे."

आणखी एक अडचण मी त्यांच्या कानावर घातली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, परवानगी लागते. म्हणून तर आमची परीक्षा डांबरी रस्त्यापासून दूर चालली होती. मूळ मापाचेच टायर घ्यायचे ठरले, आणि निदान टायरांचा प्रश्न तरी आपोआप सुटला.

याचा अर्थ मोठे टायर वाईट, असे मुळीच नाही हं! प्रश्न कुठल्या वाटेचा, ते पाहिले पाहिजे. आइसलंड देशात बर्फावर जाणाऱ्या जीपना ३८ इंचांचे आणि त्याहून मोठेही टायर लावतात. मऊ बर्फावर त्यांतली हवा पाच पौंडांच्याही खाली आणतात. पण त्यासाठी गाडीची सगळी रचनाच बदललेली असते. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की त्याच देशात रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर गाडी घालायला कायद्याने बंदी आहे. तिथले नाजूक शेवाळ एकदा चाकाखाली गेले की भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. हे वाचले तेव्हा मला आमची फुटलेली पाटी आठवली.

खरा पेपर

जुलै उजाडला. वस्तादांनी जीप पावसाळ्यापुरती वाडीतच ठेवली आणि मेहुण्यांना चालवायला शिकवले. जुन्या मापाचे, पण चिखलाच्या नक्षीचे टायर. लॉकर. पंप. मागे दोन फळ्या आणि एक दोर. वाटेवर सर्वांनी मिळून दगड-मुरमाचे दोन पट्टे घातले, बरोबर चाकांच्या रुंदीवर. जीपने त्यांवरूनच जायचे, बांधाकडे वळायचे नाही.

एका संततधारेच्या संध्याकाळी वाडीतले एक आजोबा छातीत दुखते म्हणू लागले. रुग्णवाहिकेला फोन केला. आजोबांना जीपमध्ये बसवले. मेहुण्यांनी हवा कमी केली, लॉकर लावले आणि सावकाश निघाले. फवारे नाहीत, आवाज नाही. बैलगाडीच्या चालीने चिखल पार झाला. चढण आता उतरायची होती, तीही पार झाली. पुढे ओढा.

ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता. पाणी गढूळ, तळ दिसत नव्हता. मेहुण्यांनी जीप दहा हात अलीकडेच थांबवली. कोणीतरी म्हणाले, "घाला की, जीपच हाये!" त्यांनी चावी काढून खिशात टाकली. वाहत्या पाण्यापुढे टायर, लॉकर, काही चालत नाही. पाणी जरा वर आले की गाडी तरंगू पाहते आणि मग चाकांची पकडच सुटते. हे वस्तादांनी त्यांना शंभरदा सांगितले होते.

मग पुन्हा बांबू निघाला, घोंगडी निघाली. आजोबांना झोळीत घेतले आणि साकवावरून पलीकडे नेले. पलीकडे रुग्णवाहिकेचे दिवे दिसतच होते. आजोबा वेळेत दवाखान्यात पोचले. आठ दिवसांनी घरी आले आणि आल्या आल्या तंबाखू मागू लागले!

दुसऱ्या दिवशी मी मुलांना विचारले, "काय लिहायचे मग गुणपत्रकात?" बराच वाद झाला. कोणी म्हणाले, शंभरपैकी शंभर. कोणी म्हणाले, ओढा राहिला, मग नापास. ज्या मुलीची पाटी फुटली होती, ती अजून नीट लिहायला शिकत होती. तिने सांगितले आणि चौथीतल्या त्या मुलाने लिहून घेतले. ती वही आमच्या शाळेच्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर असे लिहिले आहे:

"आधी झोळी साडेतीन किलोमीटर. आता झोळी शंभर पावले. जीप पास. वाट पास. ओढ्याचा पेपर बाकी."

त्या पेपरसाठी आम्ही ग्रामसभेत पुलाचा अर्ज दिला आहे. अर्जाला मुलांची ती वही जोडली आहे. तुमच्या गावात अशी एखादी वाट असेल, तर तुम्हीही मोजून पाहा. पावले मोजा, पाणी मोजा, वेळ मोजा. आणि मोजण्यापूर्वी, ती वाट कोणाच्या पायाखालची आहे, तेवढे मात्र विसरू नका. मी विसरले होते.